समुद्र दिसेल अशी जागा

दिवाळी अंकासाठी काय लिहायचे, हा प्रश्न आमच्या घरी घटस्थापनेपासूनच सुरू होतो. एरवीच्या आठवड्याला हे सदर कसेही निभावते. भाजीवाला, शेजारी, मुलांच्या परीक्षा, बंद पडलेली लिफ्ट, असल्या कुठल्याही खुंटीवर ते टांगता येते. पण दिवाळी अंक पडला वर्षाचा सण. तिथे साध्या वरणभाताने भागत नाही. यंदा मी तीन दिवस कोऱ्या कागदासमोर बसलेला पाहून सौ.ने तो प्रश्न एका वाक्यात निकालात काढला.

"त्या तंबूचं लिहा."

"कुठल्या तंबूचं?" मी भोळेपणाचा आव आणला.

"ज्याचे तुम्ही आगाऊ पैसे भरलेत आणि ज्यात आपण झोपलो नाही, त्या तंबूचं."

लेखकाच्या पत्नीने अशा वेळी थोडी दयाबुद्धी दाखवावी, अशी माझी फार दिवसांची अपेक्षा आहे. ती पुरी होण्याची चिन्हे नाहीत. पण विषय खरोखरच चांगला होता, आणि आजकाल समुद्रकाठी तंबूत राहायला जाण्याची जी एक लाट आलेली आहे, ती पाहता आपल्या वाचकांच्या उपयोगी पडण्यासारखाही होता. तेव्हा माझी फजिती झाली ती झाली. तिच्यातून कुणाची एक रात्र सुखाची गेली, तर दिवाळीचे पुण्य!

त्याचे असे झाले. माझी आत्या आमच्याकडे असते. वय एक्क्याऐंशी. जन्म गुहागर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका खेड्यातला. १९६२ साली लग्न होऊन ती गिरगावातल्या चाळीत आली. त्या काळी मुंबईला यायचे म्हणजे दाभोळला जाऊन बोट धरायची. बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब उभी राही, आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळे पडावात घालून तिच्यापर्यंत न्यायचे. नवी नवरी अंगावरच्या शालूसकट पडावातून बोटीत कशी चढली, ही गोष्ट आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाने भाताच्या घासाबरोबर ऐकलेली आहे. पुढे गावच्या घराच्या वाटण्या झाल्या, घर विकले गेले, आणि आत्याचे जाणे बंद पडले.

२०२४ च्या गणपतीनंतर तिच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर तिने घरातल्या सगळ्यांची तोंडे नीट निरखून पाहिली. मी फार जाड झालो आहे, असा अभिप्राय दिला. मग म्हणाली, "आता दिसतंय तोवर एकदा समुद्र बघेन म्हणते."

"चल की, संध्याकाळी शिवाजी पार्कला जाऊ," मी म्हणालो.

"तो नाही रे. आपला. आणि नुसता बघून परतायचं नाही. एक रात्र त्याच्यासमोर झोपायचंय."

तिने काही मागितल्याचे मला तरी आठवत नाही. त्यामुळे हे मागणे घरात सगळ्यांनी अंगावर घेतले. चिरंजीव फोन घेऊन बसले, कन्या त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली, आणि घटकाभरात पन्नास तंबूंची छायाचित्रे आमच्यासमोर येऊन पडली. त्यांतले एक पाहताच मी म्हणालो, "हीच जागा!" पांढराशुभ्र तंबू, दाराशी दोन खुर्च्या, समोर वाळू आणि वाळूला लागून निळा समुद्र. खाली लिहिलेले, 'लाटांपासून तीस पावलांवर'. मी तिथल्या तिथे आगाऊ पैसे पाठवले. सौ.ने विचारले, "संडास किती पावलांवर आहे?" मी म्हणालो, "तू ना, रसभंग करण्यात पटाईत!"

वाचकहो, तंबूची जागा ठरवताना हा प्रश्न सर्वात आधी विचारावा, हे मी आता लेखी कबूल करतो.

लक्ष्मीपूजन घरी करून पाडव्याच्या पहाटे चारला आम्ही निघालो. चिपळूणला न्याहारी, तिथून घाट-वळणे घेत गुहागर, आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला. ज्यांनी हा किनारा पाहिलेला नाही त्यांना सांगतो, की कोकणचा समुद्र म्हणजे केवळ वाळू आणि माड नव्हेत. गुहागरची लांबलचक पुळण संपली, की काळ्या कातळाची टोके समुद्रात घुसलेली दिसू लागतात. एक टोक ओलांडावे, खाली एक चिमुकली पुळण. की पुन्हा टोक. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली लाटांनी चघळलेला काळा दगड. हेदवीला तर त्या कातळात एक अरुंद फट आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीचे पाणी त्या फटीत शिरते आणि पुढे जायला वाट नसल्यामुळे कारंज्यासारखे उंच उडते. असला किनारा डोळ्यांना भुरळ घालतो. पण त्यावर अंथरूण कुठे घालायचे, हा प्रश्न वेगळा.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. तंबू छायाचित्रात होता तसाच होता. मालक हसतमुख, तिशीतला, जवळच्याच वाडीतला. मला एकाच गोष्टीची धाकधूक होती, पाणी कुठवर येते याची. मी ती बोलून दाखवताच तो म्हणाला, "साहेब, आत्ता भरतीच आहे. बघा ना, ही एवढी भरती!" खरेच, लाटा तंबूच्या खुर्च्यांपासून चांगल्या वीस-पंचवीस पावलांवर थबकून परत जात होत्या. मी विजयी मुद्रेने सौ.कडे पाहिले. कन्येने तोवर पिशवीतून रांगोळीचा डबा काढून तंबूच्या दारापुढे कमळ रेखायला घेतले होते. पाडवा होता ना!

आत्या खुर्चीत बसली. बराच वेळ नुसती समोर बघत राहिली. मग म्हणाली, "पाडवा आज. म्हणजे रात्री पाऊण वाजता पुन्हा भरेल."

"आजी, तुला कसं कळलं?" चिरंजीवांनी विचारले.

"तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. आज प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण. त्यात काय आहे?"

चिरंजीवांनी फोनमधले भरती-ओहोटीचे कोष्टक काढले. आत्याच्या हिशेबात आणि कोष्टकात अर्ध्या तासाचा फरक निघाला. तेवढा फरक जागेप्रमाणे पडतोच. दोन भरत्यांच्या मध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात आणि भरती रोज पन्नासएक मिनिटांनी पुढे सरकते, हे पुस्तकात शिकायला मुलाला चार वर्षे लागली. चौथी शिकलेल्या बाईने ते पाऊणकीच्या पाढ्यात बसवले होते. मुलगा गप्प झाला.

मग आत्या काठी टेकीत उठली. मला वाटले, पाण्याकडे जाईल. ती उलटी, तंबूच्या मागे गेली. तिथे वाकून काठीच्या टोकाने वाळूत काही उकरू लागली. आम्ही मागोमाग गेलो. तंबूच्या मागे सात-आठ पावलांवर, किनाऱ्याला समांतर, केरकचऱ्याची एक वेडीवाकडी रेघ पडलेली होती. वाळलेले शेवाळ, नारळाची सोडणे, थर्मोकोलचे तुकडे, एक तुटकी चप्पल आणि पांढरे समुद्रफेस.

"हे इथं कुणी आणून टाकलं?" आत्याने विचारले.

कुणी उत्तर दिले नाही. उत्तर सगळ्यांना कळले होते.

"आणि मर्यादावेल बघ कुठे आहे." तिने काठी पुढे केली. जांभळ्या फुलांची ती वेल रेघेच्याही पलीकडे, सुरूच्या झाडांपाशी पसरलेली होती. वाळूत पसरणाऱ्या या वेलीला आपल्या लोकांनी नाव किती नेमके दिले आहे! समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती पसरते. तिच्या अलीकडे पाठ टेकायची ती समुद्राच्या परवानगीने.

आत्याने मालकाला हाक मारली. "कुणाच्या घरातला रे तू?"

त्याने आजोबांचे नाव सांगितले. आत्याने ओळखले. मग तिचा आवाज एकदम घरातला झाला. "तुझ्या आजोबांनी इथं कधी होडी तरी ठेवली असती का रे, पाडव्याच्या रात्री? दिवाळीतली रात्रीची भरती दिवसापेक्षा मोठी, हे तुला ठाऊक नाही?"

तो पोरगा खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ठाऊक आहे आजी. भांगाच्या दिवसांत इथं पाणी येत नाही. उधाणाला येतं कधीतरी, वीतभर. मी जागाच असतो. आलं तर हाक मारणार होतो."

"मग तंबू मागे का नाही घेत?"

"घेतला होता पहिल्या वर्षी. सुरूच्या मागे. फोनच येईनात. लोक फोटो बघून येतात, आजी. समुद्र पायाशी हवा. चार पावलं मागे नेला तंबू, की ते शेजारच्याकडे जातात."

आता राग कुणावर काढायचा? मी फोटो बघूनच आलो होतो. तीस पावले हे अंतर मला जाहिरातीत गोड वाटले होते. माझ्यासारखी माणसे सुरूच्या मागचा तंबू घेत नाहीत, म्हणून त्याने तो पुढे आणला. त्या तुटक्या चपलेच्या अलीकडे मी माझ्या एक्क्याऐंशी वर्षांच्या, गुडघे धरलेल्या आत्याला निजवणार होतो. मध्यरात्री वीतभर पाणी आले असते, तर अंधारात, ओल्या वाळूत, तिला उठवून कुठे आणि कसे नेले असते? हा विचार आला आणि माझ्या कपाळाला घाम फुटला.

रात्रीची भरती मोठी का, हे मुलाने मला पुढे मोसंबे हातात घेऊन समजावले, ते इथेच सांगून टाकतो. चंद्रसूर्यांच्या ओढीमुळे समुद्राला दोन फुगवटे येतात, एक त्यांच्या समोर आणि एक त्यांच्या पाठीमागच्या बाजूला. अमावास्येच्या सुमारास दोघे एकाच बाजूने ओढतात, म्हणून उधाण. आणि ते ऐन अमावास्येपेक्षा नंतरच्या एक-दोन दिवसांत जास्त चढते. हिवाळ्याच्या दिवसांत दोघेही विषुववृत्ताच्या दक्षिणेला गेलेले असतात. म्हणून समोरचा फुगवटा दक्षिणेकडे कलतो आणि पाठीमागचा उत्तरेकडे. आपण पडलो उत्तरेचे. दुपारी आपल्या वाट्याला फुगवट्याची कड येते आणि मध्यरात्री माथा येतो. पावसाळ्यात हेच उलट, म्हणून तर मुंबईत जून-जुलैमध्ये दुपारच्या भरतीची धास्ती. मुंबईला डिसेंबरातल्या मोठ्या उधाणाला रात्रीचे पाणी दुपारपेक्षा पाऊण-एक मीटर वर जाते. दक्षिणेकडे पाण्याची चढउतार कमी कमी होत जाते. पण सपाट पुळणीवर उंचीचा थोडका फरकही आडवा पुष्कळ पसरतो. सारांश, दिवाळीतली दुपारची भरती पाहून रात्रीची जागा ठरवणारा माणूस फसतो. मी फसलो होतो.

जागा बदलायची ठरली. मालक सरळ मनाचा. "वर चला, दुसरा तंबू लावून देतो," म्हणाला. चिरंजीवांचा डोळा टोकावर होता. टोकाच्या अगदी कडेला, जिथून तिन्ही बाजूंना समुद्र दिसतो, तिथे तंबू ठोकावा, हे त्यांचे मत. दृश्य खरेच असे, की बोलती बंद व्हावी. उत्तरेला एकामागून एक निळसर होत गेलेली टोके, दक्षिणेला जयगडच्या बाजूची धूसर रेघ, आणि खाली साठ-सत्तर फुटांवर फेसाळणारा कातळ.

आत्या खालीच थांबली होती. तिच्याऐवजी मालकाने नकार दिला. "कडेला नको दादा. जांभा आहे. वरून अखंड दिसतो, खालून पोखरलेला असतो." त्याने आम्हांला बाजूच्या वळणावरून ती कडा दाखवली. वर पत्र्यासारखी पुढे आलेली जांभ्याची फळी, आणि तिच्याखाली पोकळी. कुठल्याही पावसाळ्यात ती फळी सुटून खाली यायची. शिवाय सड्यावर मेख ठोकायला माती नाही. तंबूचे तणावे दगडांना बांधायचे, आणि समुद्रावरून वारा आला की दगडांसकट तंबू उचलायचा. पाणी नाही, आडोसा नाही, रात्री कुणाला बाहेर जायचे झाले तर एका बाजूला कडा. चिरंजीव छायाचित्र काढून मुकाट्याने मागे फिरले.

तिसरी जागा आम्हांला मालकाच्या आईने दाखवली. सुरूच्या मागून एक पाखाडी वर जाते. चाळीस-पंचेचाळीस पायऱ्या चढून गेले, की तिच्या बाजूला त्यांच्या बागेची मजगी. एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला काजूची झाडे, विहीर हाकेच्या अंतरावर, संडास बांधलेला आणि स्वच्छ. जमीन मातीची आणि किंचित उतरती, म्हणजे पाणी साठायचे नाही. समुद्र दिसे, पण सगळा नव्हे. दोन उंडीच्या झाडांमधून एक दाराएवढा तुकडा दिसे. जाहिरातीत कुणी ते छायाचित्र घातले नसते.

अडचण एकच, आत्याचे गुडघे. मालकाने प्लास्टिकची खुर्ची आणली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला चिरंजीव. "अरे सांभाळा, मी काही गणपती नाही!" असे ओरडत आत्या वर गेली. मधल्या एका पायरीवर तिने खुर्ची थांबवायला सांगितली आणि मागे वळून समुद्राकडे पाहिले. तिथून तो पूर्ण दिसत होता. दोघे पोरगे खुर्ची हातांत धरून घामाघूम उभे होते. कुणी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, "चला."

तंबू लावताना मालकाच्या आईने दार समुद्राकडे ठेवायला सांगितले. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, त्यामुळे दुपारी दार फडफडते. पण सूर्य बुडाल्यावर जमीन निवते आणि वारा उलटतो. रात्रभर मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा पाठ डोंगराला आणि तोंड समुद्राला ठेवले, की गार वारा अंगावर येत नाही. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनी पाठ केले आहेत. पाच मार्कांपलीकडे त्यांचा उपयोग असतो, हे मला पन्नाशीनंतर कळले. वर एक जुने लुगडे आडवे बांधायला लावले, दवासाठी. कोकणात दिवाळीनंतर पहाटे इतके दव पडते, की तंबूचे कापड आतून ठिबकू लागते.

संध्याकाळी सूर्यास्त पाहिला. उंडीच्या दोन झाडांच्या मध्ये सूर्य बरोबर येऊन बसला, हे आमचे नशीब. मग अंधार पडला, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तिच्यावर मला हसू आले. पाडव्याची रात्र. चंद्राची कोर केव्हाच बुडालेली. समुद्र दिसतच नव्हता! काळोख नुसता. दूर मचव्यांचे चार दिवे. ज्या दृश्यासाठी मी तीस पावलांचा हट्ट धरला होता, ते दिवाळीच्या दिवसांत संध्याकाळी सातला मिटते, ते सकाळीच उघडते. मधल्या बारा तासांत उपयोगी पडतात विहीर, संडास, आडोसा आणि उंची. समुद्राचा नुसता आवाज येतो, आणि तो वर मजगीवर खालच्यापेक्षा जास्त स्पष्ट येत होता.

जेवणे झाली. भाकरी, पिठले आणि घरून आणलेला फराळ. आत्याने मालकाच्या आईशी तास-दीड तास गावातल्या माणसांची उजळणी केली. कोण आहे, कोण नाही. 'नाही'ची संख्या फार होती.

मला झोप लागली नाही. साडेबाराला मी आणि चिरंजीव विजेरी घेऊन पाखाडी उतरलो. खाली मालक आधीच उभा होता. गुडघाभर चड्डीत, हातात तणाव्यांची गुंडाळी. तंबू त्याने उतरवून सुरूच्या बुंध्याशी नेऊन ठेवला होता. विजेरीचा झोत टाकला, तर कन्येच्या कमळाच्या जागी पाणी होते. फार नव्हते, घोटाभर. एक लाट यायची, पसरायची, तंबूच्या जागेवरून पुढे सरकून त्या केराच्या रेघेला शिवायची आणि मागे जायची. कसला गडगडाट नाही, काही नाही. एखादा माणूस रोज स्वतःच्या ओसरीवर येऊन बसावा तितक्या सहज समुद्र येऊन बसला होता.

"दर वेळी एवढं येत नाही, साहेब," मालक म्हणाला. "पण येतं."

आम्ही परत वर आलो. आत्या जागी होती. अंधारातून तिने विचारले, "आला होता का?"

"आला होता."

"किती?"

"घोटाभर."

"हं," म्हणाली, आणि कूस बदलून झोपली. सकाळी सातला तिला हलवून उठवावे लागले. घरी तिला चारनंतर झोप लागत नाही.

तर वाचकहो, यंदा तुमच्यापैकी जी मंडळी फराळाचे डबे बांधून समुद्रकाठी तंबूत राहायला निघाली असतील, त्यांना या फजितीतून जे उरले ते सांगतो. छायाचित्र बघून जागा आवडली तर जरूर आवडू द्या. पण पैसे पाठवण्यापूर्वी फोन करून विचारा, की उधाणाला पाणी कुठवर येते? उत्तर देताना पलीकडचा माणूस क्षणभर थांबला, तर तुम्हीही थांबा. जाण्याचा दिवस हातात असेल तर अष्टमीच्या सुमाराचा, भांगाचा निवडा. दिवाळी, कोजागिरी, होळी हे सण अमावास्या-पौर्णिमेचे, म्हणजे नेमके उधाणाचे. त्या दिवसांत पुळणीवर मुक्काम नकोच. पोचल्यावर तंबूच्या पुढे पाहण्याआधी मागे पाहा. केराची रेघ आणि मर्यादावेल कधी खोटे बोलत नाहीत. कड्याची हौस असेल, तर कडा दिवसा पाहा आणि झोपायला आत या. बरोबर म्हातारे किंवा लहान मूल असेल, तर विहीर, संडास आणि गाडी येण्याची वाट, या तिन्ही गोष्टी दृश्याच्या आधी मोजा. जवळचा दवाखाना किती लांब आहे, तेही विचारून ठेवा. आणि जिथून समुद्र सुंदर दिसतो तिथे तो पोहण्यासारखा असतो, असे मुळीच नाही. कातळाची टोके आणि खाडीची मुखे यांच्याजवळ पाण्याला आतली ओढ असते. दर हंगामात शहरातली तरणीताठी मुले तिथे जातात ती परत येत नाहीत. पाण्यात पाय घालण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावे, आणि तो नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.

दिवाळीत आकाश निरभ्र असते, याही समजुतीवर फार विसंबू नका. २००९ साली ११ नोव्हेंबरला 'फयान' चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. २०१९ च्या ऐन दिवाळीत 'क्यार' अरबी समुद्रात घोंगावत होते. ते आपल्या किनाऱ्याला धडकले नाही, पश्चिमेला ओमानच्या बाजूने गेले. तरी कोकण आणि गोव्याच्या पुळणींवर लाटांनी पुष्कळ नासधूस केली. हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राचा उंच लाटांचा इशारा आता घरबसल्या फोनवर मिळतो. निघण्याच्या आदल्या रात्री, करंज्यांचा डबा भरताना, तो एकदा पाहावा.

आमच्या मालकाची गोष्ट सांगायची राहिली. निघताना मी त्याला ठरलेले पैसे पुरे दिले. तो अर्धे परत करीत होता. आत्याने ते त्याच्याच मुठीत बंद केले आणि म्हणाली, "फोटो वरून काढ." त्याला आधी कळलेच नाही. मग त्याने आत्याला मजगीवर खुर्चीत बसवले, आणि पाठीमागून छायाचित्र घेतले. आत्याचा पांढरा अंबाडा, दोन उंडीची झाडे, आणि मध्ये दाराएवढा समुद्र. ते त्याने आपल्या जाहिरातीत घातले आहे. खाली लिहिले आहे, 'भरतीच्या वर. विहीर, संडास आहे.' त्याच्या फोनांची संख्या वाढली की कमी झाली, ते मी विचारले नाही. विचारायचा धीर झाला नाही.

आत्याने मात्र आताच पंचांग काढून पुढच्या वर्षासाठी अष्टमी शोधून ठेवली आहे. "भांगाला जाऊ," म्हणते. "म्हणजे खाली पुळणीवरसुद्धा घटकाभर बसता येईल."

खुर्चीचे दांडे धरायला चिरंजीव तयार आहेत. दुसऱ्या बाजूला यंदा मी उभा राहावे, असा सौ.चा आग्रह आहे. माझा जाडेपणा कमी होण्याच्या दृष्टीने तो योग्यच असावा!

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.